वल्कलापासून लायोसेलपर्यंत

गतवर्षीच्या आमच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना हारतुऱ्यांऐवजी श्रीफळ व एकेक पंचा द्यावा, असे विद्यार्थिमंडळाने ठरविले. पंचे आणावयास गेलेल्या मुलांना दुकानदाराने सांगितले, ‘हे बांबूचे पंचे आहेत, शंभर टक्के नैसर्गिक, रसायनाचा स्पर्शसुद्धा नाही.’ पंचे खरोखरच सुंदर होते. हात फिरविला असता रेशमाची आठवण व्हावी इतके मऊ. समारंभ यथासांग पार पडला, आणि दुसऱ्या दिवशी नववीतील एक विद्यार्थिनी शिल्लक राहिलेला पंचा हातात घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. ‘सर, आमच्या आजीकडे बांबूची रोवळी आहे, सुपे आहेत. ती धुताना बोटात कुसळ जाते. मग त्याच बांबूचा पंचा इतका मऊ कसा?’

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वर्गात मराठी व इतिहास शिकवावा, एवढाच आमचा अधिकार. उत्तर आम्हांला देता आले नाही. ‘शोधून सांगतो,’ एवढे मात्र आम्ही म्हणालो, आणि त्या शब्दापायी आमचा सारा पावसाळा गेला. विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी ग्रंथ दिले, अडलेले समजावून सांगितले. त्या शोधाचे फलित विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवीत आहोत.

वृक्षापासून वस्त्र मिळते ही कल्पना आपल्याला परकी नाही. वनवासास निघालेल्या रामसीतेची वल्कले कोणाला ठाऊक नाहीत? परंतु वल्कल म्हणजे झाडाची साल. ती अंगावर बोचणारच. झाडाच्या गाभ्यातून मऊ धागा काढावयाचा तर प्रथम झाड म्हणजे काय, हे जाणले पाहिजे. कापसाचे बोंड घ्या, सागाची फळी घ्या की बांबूचे पेर घ्या, तिन्हींत मुख्य द्रव्य एकच आहे. त्याला सेल्युलोज म्हणतात. ग्लुकोज या साखरेचे कण एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांबच लांब साखळी बनते. कापसात हे द्रव्य जवळजवळ शुद्ध स्वरूपात असते, आणि निसर्गाने त्याचे तंतू आधीच काढून ठेवलेले असतात. लाकडात ते निम्म्याहून कमी, फार तर निम्मे असते, आणि लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात रुतलेले असते. भिंतीतील काडी चुन्यात रुतावी तसे. कागदाचे कारखाने हे लिग्निन शिजवून काढून टाकतात व उरलेल्या सेल्युलोजचा लगदा करतात. पण लगद्यातील तंतू आखूड. त्यांचा कागद होतो, सूत होत नाही.

मग एकच मार्ग उरतो. लगदा विरघळवावयाचा आणि त्या द्रवातून नवा, हवा तेवढा लांब तंतू ओढावयाचा. आपल्या घरी शेवया गाळतात, तोच प्रकार. पीठ शिजवून मऊ केले, साच्यात घालून दाबले, की छिद्रांतून शेवई बाहेर पडते. प्रश्न एवढाच की सेल्युलोज विरघळणार कशात? साखर पाण्यात विरघळते. साखरेचीच साखळी असलेला कापूस मात्र विरघळत नाही (आणि ते बरेच आहे, नाही तर पहिल्या पावसात आपली वस्त्रे वाहून गेली असती). शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की पाण्याला आत शिरकाव मिळत नाही. कृत्रिम तंतूंचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या हट्टी पदार्थाला विरघळविणाऱ्या द्रावकाचा शोध, आणि, आमच्या मते त्याहूनही महत्त्वाचे, काम झाल्यावर त्या द्रावकाचे पुढे काय झाले याचा इतिहास होय.

फ्रान्समधील शार्दोने या सरदाराने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात पहिले कृत्रिम रेशीम जगापुढे मांडले. त्याने सेल्युलोजवर नत्राम्लाची क्रिया करून ते विरघळविले होते. स्फोटक दारूगोळ्यात वापरतात त्याच जातीचा हा पदार्थ, त्यामुळे धागा भलताच ज्वालाग्राही. पुढे तो दोष कमी करण्यात आला, तरी ही रीत टिकली नाही. टिकली ती दुसरी. १८९२ साली क्रॉस, बेव्हन व बीडल या तीन इंग्रज रसायनज्ञांनी एक निराळी युक्ती शोधून तिचे पेटंट घेतले. त्यातून जो मधासारखा दाट, पिवळसर-नारिंगी द्रव निघाला त्याला त्यांनी चिकट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘व्हिस्कोस’ हे नाव दिले. १९०४ साली कोर्टाल्ड्स या इंग्रज कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले व पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्री येथे कारखाना सुरू केला. या कंपनीचा मूळ धंदा सुतकात नेसावयाच्या काळ्या रेशमी क्रेपचा. ती चाल मागे पडू लागली होती, आणि कंपनी नव्या मालाच्या शोधात होती. शोककाळातील वस्त्रावर मोठी झालेली कंपनी अशा रीतीने सर्वांच्या अंगावरील स्वस्त रेशमाकडे वळली. १९२४ पासून या मालाला ‘रेयॉन’ हे नाव रूढ झाले.

व्हिस्कोसची कृती थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सारे मर्म तिच्यात आहे. लगदा प्रथम कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात भिजवितात व पिळून त्याचा चुरा करतात. चुरा काही काळ मुरू देतात. नंतर बंद पिंपात त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. कार्बन व गंधक यांचा हा द्रव अवघ्या ४६ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे साध्या हवेतही त्याची वाफ होत राहते. सेल्युलोजच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका तो लागतो. त्याचा संयोग होताच पांढरा चुरा नारिंगी होतो आणि आता सौम्य सोड्यात विरघळतो. हेच व्हिस्कोस. ते पुन्हा मुरवून, गाळून, केसाएवढ्या सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. आम्लाचा स्पर्श होताच सेल्युलोज पुन्हा घट्ट होऊन तंतूच्या रूपाने बाहेर येते. रंग गेला, वास गेला, हाती उरले ते शुद्ध सेल्युलोज.

पण कार्बन डायसल्फाइड कोठे गेले? ते तंतूत राहात नाही, राहून चालणारही नाही. आम्लाच्या कुंडातच ते सुटते. काही मूळ रूपात, तर काही हायड्रोजन सल्फाइड या वायूच्या रूपात. या दुसऱ्या वायूचा वास आमच्या परिचयाचा आहे. आमच्या किनारपट्टीवर सुंभ वळण्यासाठी नारळाची सोडणे महिनोन्महिने खाडीच्या चिखलात कुजत घालीत. ओहोटीला त्या जागेवरून जाताना सडक्या अंड्यासारखी जी घाण येई ती याच वायूची. लहानपणी आम्ही नाक दाबून धावत सुटत असू. तेव्हा निसर्गाच्या मार्गाने काढलेला तंतू सुगंधी असतो असा आमचा दावा नाही. परंतु खाडीवरच्या मोकळ्या वाऱ्यातून धावत जाणे वेगळे, आणि बंद कारखान्यात त्याच हवेत रोज आठ-दहा तास उभे राहणे वेगळे.

कार्बन डायसल्फाइड हे मज्जातंतूंचे व मनाचे विष आहे, हे व्हिस्कोस जन्मण्यापूर्वीच माहीत झाले होते. रबर मऊ व टिकाऊ करण्यासाठी तो द्रव वापरीत असत. १८५६ साली देल्पेश या फ्रेंच वैद्याने रबराच्या कामगारांत दिसणारी लक्षणे लिहून ठेविली: डोकेदुखी, हातापायांची शक्ती जाणे, स्मृतिभ्रंश, आणि कधी कधी उन्माद. इंग्लंडमध्ये तर अशा खोल्यांच्या खिडक्यांना गज बसवावे लागत, वेडाच्या झटक्यात कामगारांनी बाहेर उडी घेऊ नये म्हणून! १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या धोक्याच्या धंद्यांवरील एका इंग्रजी ग्रंथात टॉमस ऑलिव्हर यांनी हे नमूद केले आहे. तीन वर्षांनी कॉव्हेंट्रीचा कारखाना सुरू झाला. ज्ञान होते, ते उपयोगात आले नाही. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या विदुषी वैद्याने हा विषय नेटाने लावून धरला. हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यापकवर्गात नेमणूक झालेली ही पहिली स्त्री. तिच्या खटपटीने १९३० नंतरच्या दशकात पेनसिल्व्हेनियातील रेयॉन कामगारांची पाहणी झाली आणि मज्जातंतूंचे व मनाचे विकार त्यांच्यात आढळले. १९६८ साली ब्रिटनमधील एका अभ्यासाने या कामगारांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाणही अधिक असल्याचे दाखवून दिले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. लढाया व तह शिकविताना या लोकांचे नाव आम्ही कधी घेतले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

भारतात हा उद्योग स्वातंत्र्यानंतर रुजला. १९४७ साली ग्वाल्हेर येथे स्थापन झालेल्या कंपनीने १९५४ साली उज्जैन जिल्ह्यातील नागदा येथे, चंबळेच्या काठी, व्हिस्कोस तंतूचा कारखाना काढला. ग्वाल्हेर रेयॉन हे तिचे नाव, त्याचेच पुढे ‘ग्रासिम’ झाले. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत हे नाव घरोघरी ठाऊक आहे. बांबूचा धागा खरोखर येतो तो येथे. केरळातील चालियार नदीच्या काठी, मावूर येथे, १९६३ साली त्याच कंपनीचा लगद्याचा कारखाना सुरू झाला, आणि त्यासाठी केरळच्या अरण्यातील बांबू तोडला जाई. म्हणजे बांबूचे वस्त्र ही आजची नवलाई नव्हे, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. फरक इतकाच की तेव्हा त्याला कोणी ‘बांबू’ म्हणून मिरवीत नव्हते. चालियारच्या पाण्यासाठी काठच्या लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. २००१ साली तो कारखाना कायमचा बंद झाला. नदीकाठच्या लोकांना पाणी परत मिळाले, कामगारांची उपजीविका गेली. यात कोणाची बाजू घ्यावी हे आम्हांला एका वाक्यात सांगता येणार नाही. मात्र हा झगडा बांबूवरून झाला नाही, कापडावरूनही झाला नाही. काम आटोपल्यावर कारखान्यातून काय बाहेर पडते, यावरून तो झाला.

आता शोधाच्या दुसऱ्या धाग्याकडे वळू. सेल्युलोजला आधी दुसऱ्या पदार्थाशी जोडावे, मग विरघळवावे, मग पुन्हा सोडवावे, हा व्हिस्कोसचा द्राविडी प्राणायाम. त्याला तसेच, सरळ विरघळविणारा द्रावक नाही काय? आहे. १९३९ साली स्वित्झर्लंडमधील दोन रसायनज्ञांनी अमीन ऑक्साइड या वर्गातील पदार्थांत सेल्युलोज विरघळते असे दाखविले होते. ती नोंद तीस वर्षे पडून राहिली. १९६९ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या जॉन्सन या संशोधकाने त्याच वर्गातील एका विशिष्ट द्रावकाचे पेटंट घेतले. त्याचे पूर्ण नाव एन-मेथिलमॉर्फोलीन एन-ऑक्साइड. मुलांनी आमच्या तोंडून हे नाव ऐकून जे हसू दाबले ते आम्ही पाहिले आहे. पुढे आपण त्याला नुसते ‘द्रावक’ म्हणू.

पदार्थ सापडला म्हणजे माल तयार झाला, असा आपला समज असतो. तो किती चुकीचा आहे हे यापुढील तेवीस वर्षांत दिसते. हा द्रावक नेहमीच्या तापमानात घनरूप, म्हणून तो सतत तापवून ठेवावा लागतो. फार तापला, किंवा लोखंड-तांब्याच्या कणांशी गाठ पडली, तर तो विघटित होऊन भडका उडण्याची भीती. महागही फार. अमेरिकन एन्का या कंपनीने १९७० नंतरच्या दशकात त्यावर पुष्कळ काम केले आणि अखेर सोडून दिले. कोर्टाल्ड्सने मात्र चिकाटी धरली. विघटन रोखणारी द्रव्ये शोधली, तापमानावर बारीक नजर ठेवणारी यंत्रणा उभारली, प्रथम कॉव्हेंट्रीत लहान प्रमाणावर, मग १९८८ साली ग्रिम्सबी येथे मध्यम प्रमाणावर प्रयोग केले, आणि १९९२ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात मोबील या गावी मोठा कारखाना सुरू केला. मालाचे व्यापारी नाव टेन्सेल. तंतूच्या जातीला १९८९ सालीच ‘लायोसेल’ असे नाव मिळाले होते. विरघळविणे या अर्थाचा ग्रीक धातू आणि सेल्युलोज यांचा हा समास आहे. (व्याकरण शिकविणाऱ्याला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

लायोसेलची कृती व्हिस्कोसच्या मानाने आखूड. लगदा, पाणी व द्रावक एकत्र कालवून तापवितात. काही पाणी उडून जाते आणि सुमारे सातवा हिस्सा सेल्युलोज असलेला घट्ट, मधाळ रस तयार होतो. तो शंभर अंशांहून थोड्या अधिक उष्णतेवर चकतीतून दाबतात. तंतू प्रथम थोड्या हवेतून खाली येतात, तेथेच ओढले जाऊन बळकट होतात, आणि मग कुंडात उतरतात. या कुंडात आम्ल नाही. मुख्यतः पाणीच आहे. पाण्यात द्रावक निघून जातो, सेल्युलोज मागे राहते. कार्बन डायसल्फाइड नाही, सडक्या अंड्याचा वास नाही, विषारी वाफ नाही.

आणि द्रावक? तो पाण्यात उतरला आहे. ते पाणी स्वच्छ करून आटविले की तो पुन्हा हाती येतो. आमच्या गोव्याच्या मिठागरांत जे घडते तेच येथे घडते. पाणी उडाले, मीठ उरले. मिठागरात ऊन फुकट असते, कारखान्यात उष्णतेला दाम मोजावे लागते, एवढा भेद. अशा रीतीने शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक भाग द्रावक परत मिळवून पुन्हा त्याच कामास जुंपला जातो. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. द्रावक महाग होता, आणि म्हणूनच तो वाया जाऊ देणे कोणालाच परवडत नव्हते. तो स्वस्त असता तर तो परत मिळविण्यासाठी इतका खटाटोप झाला असता काय, अशी शंका आमच्या मनात येते. कार्बन डायसल्फाइड स्वस्त होते. पुष्कळ वर्षे ते हवेत सोडून देणे हाच सोपा हिशेब ठरला. आता व्हिस्कोसचे चांगले कारखानेही यंत्रे झाकून घेतात, वायू पकडून द्रावक पुन्हा वापरतात व गंधकाचे आम्ल करतात. म्हणून व्हिस्कोस तेवढे वाईट आणि लायोसेल तेवढे चांगले, अशी सरसकट विभागणी करणे न्यायाचे होणार नाही. कोणता कारखाना, हे विचारले पाहिजे.

नव्या तंतूला एक खोडही होती. ओला असताना घासला गेला की त्याच्या अंगावर सूक्ष्म लव उभी राही आणि रंगविलेले कापड धुवट, जुनेर दिसू लागे. जे कापड दोन धुण्यांत म्हातारे दिसते ते कोण घेणार? तज्ज्ञांनी या दोषाशी भांडण्याऐवजी त्याला वश केले. लांब लव विकरांच्या साहाय्याने खाऊन टाकावयाची आणि बारीक लव मुद्दाम राखावयाची. त्यातून पीच फळाच्या सालीसारखा मखमली पोत निघाला. आरंभीच्या काळात जपानमधील वस्त्रकारांना तो विशेष रुचला. पुढे लव येऊच नये असा सुधारलेला तंतूही निघाला. १९९७ साली ऑस्ट्रियातील लेन्झिंग कंपनीने स्वतःचा लायोसेल कारखाना काढला आणि २००४ मध्ये टेन्सेलही विकत घेतले. भारतात ग्रासिमही आता लायोसेल बनविते.

तरीही काही प्रश्न उरतातच. लाकूड कोठून येते? लावलेल्या वनातून, की जुन्या अरण्यातून? लगदा पांढरा करण्यास काय वापरले? पाणी आटविण्याची उष्णता कोळशाची की अन्य कशाची? द्रावकाचा प्रश्न सुटला म्हणून हे सुटत नाहीत.

असो. आता पंच्याकडे येऊ. त्याच्या कडेला नखाएवढी पट्टी शिवलेली होती. भिंगाखाली धरली तेव्हा ‘बांबू’ या ठळक शब्दाखाली बारीक अक्षरांत ‘व्हिस्कोस’ असे वाचता आले. दुकानदार खोटे बोलला असे आम्ही म्हणणार नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने पुढे सांगितले. अमेरिकेत तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २००९ साली काही विक्रेत्यांवर याच कारणावरून कारवाई केली: बांबूपासून काढलेल्या रेयॉनला रेयॉन म्हणा, नुसते बांबू म्हणू नका. विरघळून पुन्हा घट्ट झालेल्या सेल्युलोजला ते बांबूतून आले, निलगिरीतून आले की कापसाच्या चिंध्यांतून, याची काही आठवण राहात नाही.

प्रयोगशाळेत आमच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांनी चार कापडांचे दोन-दोन सूत चिमट्यात धरून जाळून पाहिले: कापूस, पंचा, लायोसेलचा एक जुना सदरा आणि पॉलिएस्टर. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण काळा मणी झाला. बाकीची तिन्ही कागदासारखी जळली, तोच जळक्या कागदाचा वास, तीच हलकी करडी राख. पंचा आणि सदरा यांत कोणालाच भेद करता येईना. कसा येणार? दोन्ही शेवटी सेल्युलोजच. ज्या गोष्टीने त्यांच्यात फरक पडतो ती कापडात उरलेलीच नाही. ती कारखान्याच्या कुंडात, नळीत, धुराड्यात, नदीत आणि कामगाराच्या श्वासात शोधावी लागते.

ही गोष्ट सर्वांआधी ध्यानात आली ती त्या नववीतील मुलीच्या. ‘म्हणजे सर, हे कापडाला विचारून कळणार नाही. ज्यांनी केले त्यांना विचारावे लागेल.’ त्याच आठवड्यात तिने व तिच्या दोन मैत्रिणींनी पट्टीवरील पत्त्यावर एक पत्र लिहिले. शुद्धलेखन तेवढे आम्ही तपासले. पत्रात प्रश्न तीन होते: तंतू कोणत्या कारखान्यात झाला, कार्बन डायसल्फाइड शेकडा किती परत मिळविता, आणि तेथे काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी किती वर्षांनी होते. हा अंक छापावयास जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. मुलींनी दुसरे पत्र लिहावयास घेतले आहे.